बाद मतांचा कौल

निवडणुकीच्या निकालास लोकमताचा आरसा म्हणण्याची आपली रीत आहे. परंतु हा आरसा कोणीं धरला होता आणि त्याच्यासमोर उभें राहण्याची मुभा कोणाला होती, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून त्यांतील प्रतिबिंबावर विश्वास ठेवूं नये. ज्या भूमीवर दोन राष्ट्रें हक्क सांगतात, तेथें तर ही सावधगिरी अधिकच हवी. सार प्रांताच्या विधिमंडळाचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

सार हा जर्मनी व फ्रान्स यांच्या सीमेवरील लहानसा प्रांत. लोकांची भाषा जर्मन. परंतु भूमीच्या पोटांत कोळसा आणि पाठीवर पोलादाच्या भट्ट्या, म्हणून फ्रान्सची दृष्टि त्यावर खिळलेली. व्हर्सायच्या तहानें हा प्रांत १५ वर्षें राष्ट्रसंघाच्या कारभाराखालीं गेला व खाणी फ्रान्सला मिळाल्या. मुदत संपतांच, १३ जानेवारी १९३५ रोजीं, सार्वमत झालें आणि शेंकडा ९० हून अधिक मतें जर्मनीच्या बाजूनें पडलीं. त्या वेळीं जर्मनीवर हिटलरची सत्ता होती. हें ओळखून राष्ट्रसंघाचाच अंमल राहूं द्या, असें सांगणारे थोडे होते. त्यांत योहान्नेस होफमान हा कॅथलिक वृत्तपत्रकार होता. त्याला देश सोडावा लागला व पुढें ब्राझिलमध्यें आश्रय घ्यावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सनें सार जर्मनीपासून वेगळा काढला. होफमान परत आला. ५ ऑक्टोबर १९४७ च्या निवडणुकींत त्याच्या ख्रिस्ती लोकपक्षास ५० पैकीं २८ जागा मिळाल्या आणि तो मुख्य मंत्री झाला. प्रांताला स्वतःची राज्यघटना लाभली. अर्थव्यवहार मात्र फ्रान्सशीं जोडला गेला. ३० नोव्हेंबर १९५२ रोजीं दुसरी निवडणूक झाली, तींत त्याच पक्षास २९ जागा मिळाल्या. केवळ जागा मोजणारा म्हणेल, लोक या व्यवस्थेवर संतुष्ट होते.

परंतु त्याच निकालपत्राचा दुसरा रकाना पाहावा. टाकलेल्या मतांपैकीं शेंकडा २४ हून अधिक मतें बाद ठरलीं होतीं. इतके मतदार अडाणी असणें शक्य नव्हतें. खरी गोष्ट अशी कीं, जर्मनीशीं पुनर्मीलन मागणाऱ्या पक्षांना निवडणुकीस उभें राहण्याची परवानगीच नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षावर १९५१ मध्येंच बंदी आली होती. ज्यांना आपला उमेदवार मिळाला नाहीं, त्यांतल्या बहुतेकांनीं आपली मतपत्रिका बाद करून उत्तर दिलें. होफमानच्या पक्षाला वैध मतांपैकीं शेंकडा ५४.७ मतें होतीं. बाद मतें हिशेबांत धरलीं, तर हें प्रमाण सुमारें ४१ वर येतें.

१९५४ च्या ऑक्टोबरांत जर्मनी व फ्रान्स यांनीं सारला युरोपीय दर्जा देण्याचें ठरविलें, आणि त्यावर सार्वमत घेण्याचें कबूल केलें. १९५५ च्या जुलैंत बंदी उठली. तीन महिन्यांत प्रचाराची राळ उडाली आणि २३ ऑक्टोबरला शेंकडा ६७.७ मतदारांनीं ती योजना धुडकाविली. जर्मन चान्सलर आदेनाउअर यानें स्वतः योजनेला अनुकूल मत देण्याचा सल्ला दिला होता. त्याच्या राज्यांत जाण्यासाठीं लोकांनीं त्याचाच सल्ला मोडला! होफमाननें त्याच रात्रीं राजीनामा दिला. १८ डिसेंबरच्या निवडणुकींत जर्मनीवादी तीन पक्षांस मिळून सुमारें ६४ टक्के मतें मिळालीं, होफमानच्या पक्षास सुमारें २२. १ जानेवारी १९५७ रोजीं सार पश्चिम जर्मनींत सामील झाला.

येथें सत्याचा विजय झाला, असें म्हणून पुस्तक मिटणें सोपें आहे. मला तें जमत नाहीं. होफमान हा हिटलरशाहीचा विरोधक, तर त्याला उलथून टाकणाऱ्यांचा एक अग्रणी हाइनरिख श्नायडर हा पूर्वीं नाझी पक्षाचा सभासद होता. १९३५ सालीं बहुमत केवढें आंधळें होऊं शकतें हें होफमाननें पाहिलें होतें. त्या अनुभवानेंच तो बहुमतास भिऊं लागला असावा. त्याची भीति समजते, उपाय मात्र समर्थनीय ठरत नाहीं. कारण दार बंद केल्यानें विरोध नाहींसा झाला नाहीं. तो कागदावर दिसेनासा झाला, आणि राज्यकर्त्यांनीं त्या न दिसण्यालाच संमति मानलें. शिवाय १९५५ चा जर्मनी १९३५ चा नव्हता. उत्तर तेंच असलें तरी प्रश्न बदलला होता.

म्हणून वादग्रस्त प्रांताचा निकाल हातीं आला, कीं विजयी पक्षाचा आकडा वाचण्यापूर्वीं मी विद्यार्थ्यांस दोन गोष्टी पाहावयास सांगतों: कोणाला उभें राहूं दिलें नाहीं, आणि किती मतें बाद झालीं. सारमध्यें पुढल्या तीन वर्षांचें भविष्य १९५२ च्या त्या दुर्लक्षित रकान्यांत लिहिलेलें होतें. तें वाचण्याची इच्छा असणारा मात्र कोणी नव्हता.