बाळगोळी ते गर्द

ज्या मुंबई बंदरातून माळव्याच्या अफूच्या पेट्या चीनकडे रवाना होत आणि परवान्यांच्या शुल्काने कंपनी सरकारचा खजिना भरत असे, त्याच शहरात पुढे गिरण्या उभ्या राहिल्यावर, भोंग्याबरोबर कामावर हजर होणाऱ्या आईला तान्ह्या लेकराच्या मुखी अफूची बाळगोळी घालून, त्याला दिवसभर निपचित निजवून जावे लागे. तिला दोष कोण देणार? १८७८ च्या कायद्यान्वये अफूची विक्री राजरोस परवान्याने चाले. अफूच्या चौकशीसाठी १८९३ साली नेमलेल्या शाही आयोगानेही बंदीची निकड नसल्याचा निर्वाळा दिला, आणि तसे होणे साहजिकच होते, कारण अफूबाज हा सरकारदप्तरी प्रथम महसुलाची बाब होता. व्यसन हा आजार आहे, ही जाणीव फार उशिरा रुजली. अफूपासूनच बनणाऱ्या गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तरुण पिढी पोखरली असता, १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्द तुटताच नाक वाहते, हाडे ठणकतात, झोप उडते. हे दिवस वैद्यकीय देखरेखीखाली निभावले, तरी खरे उपचार त्यानंतरच, समुपदेशनाने आणि कुटुंबीयांना सोबत घेऊन, सुरू होतात. मुक्तांगणमध्ये बरे झालेले कित्येक रुग्ण पुढे तेथेच कार्यकर्ते म्हणून रुजू झाले.