एकट्याने पीएचडी करणाऱ्यांसाठी

मंडळी, आमच्या धंद्यात कोड लिहिणारे हवेत, तसा तो तपासणारा टेस्टरही हवाच. मुक्त शिक्षणाच्या इतिहासात हे टेस्टर जरा उशिरा आले.

२००१ मध्ये एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य नेटवर फुकट ठेवायचं जाहीर केलं. त्यात ह्यूलेट फाउंडेशनचा पैसा होता. २००२ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव ठरलं. साहित्य वाढत गेलं. पण त्याने विद्यार्थ्याचं भलं होतं का? हे शोधणारा पीएचडीवाला मात्र बऱ्याचदा आपल्या विभागात एकटाच! विषय नवा, कधीकधी गाइडलाही अनोळखी.

म्हणून २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या मुक्त विद्यापीठातल्या फ्रेड मुल्डर यांनी अशा संशोधकांचं जागतिक जाळं सुरू केलं, जीओ-जीएन. पुढे ते ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने सांभाळलं. पैसा पुन्हा ह्यूलेटचाच. मोठ्या परिषदेआधी सगळ्यांनी एकत्र बसायचं, अर्धवट काम एकमेकांना दाखवायचं. २०२० मध्ये सभासदांच्या अनुभवांतून संशोधन पद्धतींची पुस्तिका निघाली, तीही सर्वांना मुक्त.

मला यातलं पटलं ते एवढंच: आधी साहित्यावर लावलेला पैसा नंतर माणसांवरही लावला. पुस्तक नेटवरून कुठेही पोचतं हो, पण अडलेल्याला "मीही इथेच अडलो होतो" म्हणणारं कुणीतरी लागतंच.