शाळेचे चार आणे

रात्रीची लाईट होती, कांद्याचं पाणी पहाटे उरकलं. झोप काही लागेना म्हणून आज्याची पत्र्याची पेटी उघडून बसलो. शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या निघाल्या. त्यात साऱ्याखाली एक रकाना, 'लोकल फंड'.

हा लोकल फंड म्हणजे काय, ते नव्या पोरांना ठाऊक नसणार. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्यानं शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा जादा पक्का झाला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी, बाकी रस्ते वगैरे. म्हणजे बारा रुपये सारा भरणाऱ्याचे बारा आणे फंडात, आणि त्यातले चार आणे शाळेला. पैसे कुणब्याचे, पण त्याचं पोर गुरांमागं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं. रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर जातो, बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, म्हणाले. शिवाय, मास्तर असा हवा की ज्याला नांगराची मूठ धरायची लाज वाटणार नाही. ही गोष्ट मला फार आवडते. आमचे गुरुजी सुट्टीच्या दिवशी खरंच आमच्यात खुरपायला यायचे.

पुढं शाळा लोकल बोर्डाकडं गेल्या, अन् १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तशा त्यांच्याकडं. नावं बदलली, रकाना काही गेला नाही. आजच्या पावतीवरही जिल्हा परिषदेचा उपकर आहेच, बघा काढून.

आमच्या वस्तीवरच्या शाळेला जागा चुलत आज्यानं दिली. दगड ओढ्यातून बैलगाडीनं आणला, माळवदाची लाकडं घरटी एक. मी तिथंच पाटीवर शिकलो. आता स्लॅबच्या दोन खोल्या आहेत आणि पट सात. कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या अशी चर्चा आहे. मोठी शाळा साडेतीन किलोमीटर, मधी ओढा. श्रावणात त्याला पाणी आलं की मोठा माणूससुद्धा थांबतो, पहिलीतलं पोर काय करणार? कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असं आहे.

आता खरं सांगतो. माझा नातू पिवळ्या गाडीनं इंग्रजी शाळेत जातो. पट सात झाला त्यात एक आकडा माझ्या घरचा कमी आहे. मुलाला म्हणलं, तर तो म्हणाला, "दादा, सगळेच घालत्यात." मी गप्प बसलो. बोलायला पाहिजे होतं.

शाळेत राहिलेली सात पोरं ऊसतोड्यांची अन् वाट्यानं करणाऱ्यांची आहेत. त्यांच्याकडं गाडीभाडं नाही.

सोमवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. पावत्या घेऊन जाणार आहे. जागेचं बक्षीसपत्र मात्र सापडेना. भावकीत कुणाकडं असेल तर फोटो काढून पाठवा, शनिवारच्या आत.