टेल्युरियम, आयोडीन आणि आवर्तसारणीचा क्रम

आवर्तसारणी शिकविताना टेल्युरियम व आयोडीन यांची जोडी बहुधा ‘अपवाद’ म्हणून एका ओळीत उरकली जाते. वास्तविक सारणी कोणत्या तत्त्वावर उभी आहे, हा प्रश्न जवळजवळ पंचेचाळीस वर्षे याच जोडीत अडकून होता.

मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभारांच्या क्रमाने मांडली. टेल्युरियमचा अणुभार १२८ व आयोडीनचा १२७ मानला जाई. नियम काटेकोरपणे पाळला असता, तर आयोडीन गंधकाच्या कुळात आणि टेल्युरियम क्लोरीनच्या कुळात गेले असते. परंतु टेल्युरियमचा एक अणू गंधकाप्रमाणे हायड्रोजनच्या दोन अणूंशी संयोग पावतो, आयोडीनचा क्लोरीनप्रमाणे एकाशीच. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांचा कौल मानला, टेल्युरियम आधी ठेवले आणि त्याच्या अणुभारापुढे प्रश्नचिन्ह घातले. १८७१ च्या सारणीत तर त्यांनी १२५ हा आकडा दिला. तो मोजमापातून आलेला नव्हता. सारणीला हवा होता, इतकेच.

हा हट्ट निराधार म्हणता येणार नाही. १८७५ मध्ये गॅलियम सापडले, तेव्हा त्याची घनता ४.७ भरली. मेंडेलीव्ह यांचे भाकीत ५.९ चे होते. त्यांनी पुन्हा मोजण्याचा आग्रह धरला आणि शुद्ध नमुन्याची घनता ५.९ च निघाली. मात्र टेल्युरियमने दाद दिली नाही. प्राग येथील बोहुस्लाव्ह ब्राउनर हे मेंडेलीव्ह यांचे चाहते. त्यांनी कित्येक वर्षे मोजणी केली, पण आकडा १२७ च्या वरच राहिला. शेवटी टेल्युरियम शुद्ध मूलद्रव्यच नसावे, अशी शंका त्यांनी घेतली! १८९४ मध्ये शोध लागलेल्या आर्गॉनने पोटॅशियमच्या बाबतीत हाच पेच पुन्हा उभा केला.

उलगडा अणुभार मोजून झालाच नाही. १९१३ मध्ये मँचेस्टर येथे हेन्री मोझली यांनी मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. तिचे वर्गमूळ एकेका मूलद्रव्यागणिक सारख्या पायरीने वाढत होते. कोबाल्टचा अणुभार निकेलहून अधिक, तरी कोबाल्ट २७ व निकेल २८ ठरले. टेल्युरियम त्यांनी स्वतः तपासले नव्हते. परंतु १९१४ च्या लेखात अँटिमनी ५१ आणि लँथॅनम ५७ ठरल्यावर मधल्या पाच जागा निश्चित झाल्या. त्यांत टेल्युरियम ५२ व आयोडीन ५३. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९१५ रोजी, मोझली गॅलिपोलीच्या रणभूमीवर सत्ताविसाव्या वर्षी मारले गेले.

म्हणजे मेंडेलीव्ह यांनी दिलेली जागा बरोबर होती, कारण चुकीचे होते. आणि ब्राउनर यांचा तराजूही खोटा नव्हता. निसर्गातील आयोडीन १२७ या एकाच समस्थानिकाचे बनलेले आहे. टेल्युरियमचा मात्र सुमारे दोन-तृतीयांश भाग १२८ व १३० या जड समस्थानिकांचा असतो, म्हणून त्याची सरासरी १२७.६ भरते.