पेशव्यांचा गेंडा आणि आजची कलादालने

पुण्यातली कलादालने एका दिवसात पाहून होतात. ती पाहताना मनात एक प्रश्न असावा: चित्र कोणी पाहावे, हे कोण ठरवते?

१७९० साली गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. त्याला आश्रय होता इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याचा. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्या काळी चित्र म्हणजे दरबाराची किंवा साहेबाची मालमत्ता. पेठेतल्या माणसाचा तिच्याशी संबंध नव्हता.

१९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले. तिथल्या कलादालनात चित्रे पाहायला तिकीट लागत नाही. घोले रोडवर महापालिकेचे राजा रविवर्मा कलादालन आहे. समकालीन चित्रे आणि मांडणशिल्पे पाहायची तर कोरेगाव पार्कातली खासगी दालने आहेत.

आपल्यातल्या अनेकांना वाटते, हे आपले काम नव्हे. पण मकबूल फिदा हुसेन जन्मले पंढरपुरात. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवता रंगवता ते १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपर्यंत पोहोचले. खटले आणि धमक्यांमुळे २००६ साली त्यांनी देश सोडला. २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

दरबाराचे दार उघडायला दीड-दोनशे वर्षे लागली. ते पुन्हा बंद व्हायला तेवढी लागत नाहीत. मोमिनपुऱ्यातून, कोंढव्यातून मुलांना घेऊन या रविवारी जरूर जा. दार वापरात राहिले, तरच उघडे राहते.