दासोह आणि शाळेचे ताट

दासोह हा शब्द भाविकांस नवा नाही. कर्नाटक सरकारने शालेय माध्यान्ह भोजनास ‘अक्षर दासोह’ हेच नाव दिले. बंगळुरात २००० साली पाच शाळांतील १,५०० मुलांपासून आरंभिलेले ‘अक्षयपात्र’चे कार्य २००४ मध्ये हुबळीस आले. नवनगरानजीक रायापूर येथील त्याच्या पाकशाळेस सरकारी धान्याबरोबर खाजगी दात्यांचाही आधार आहे. तेथील अन्न सात्त्विक, कांदा-लसूणही वर्ज्य.

परंतु पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे. भात-सांबाराने भूक शमते. रक्तक्षय टाळण्यास लोह लागते, ब-१२ जीवनसत्त्वही लागते, आणि हे दुसरे वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने कल्याण-कर्नाटकातील शाळांत अंडी देण्यास आरंभ केला, तेव्हा कित्येक मठाधिपतींनी विरोध केला. पुढे योजना राज्यभर गेली. २०२४ साली अझीम प्रेमजी फाउंडेशनने तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपये देऊ केले आणि आठवड्यातील दोन अंड्यांची सहा झाली.

अंडे न खाणाऱ्या मुलास केळे मिळते. त्याने कुलाचार राखला जातो खरा. पण अंड्यातील सहा ग्रॅम प्रथिने केळ्यात कोठून यावीत? विरोध करणाऱ्यांनी या मुलांच्या ताटाचा विचार आधी करावयास हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेचे दूध शाळेत मिळते, एवढाच त्यांना आधार.