सुगरणीचें स्वयंवर

वर्धेच्या कांठचें कौंडण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर. भावानें शिशुपालाशीं ठरविलेलें लग्न तिला मान्य नव्हतें. एका ब्राह्मणाहातीं तिनें द्वारकेस निरोप धाडला आणि आपला वर आपण निवडला. ही कथा लहानपणापासून ऐकलेल्या श्रोत्यांस, पशुपक्ष्यांतही मादीच नराची निवड करते, हा सिद्धान्त जड वाटूं नये. शास्त्रज्ञांना मात्र तो सहज पचला नाहीं. डार्विननें १८७१ सालीं तो विस्तारानें मांडला, तेव्हां उत्क्रांतितत्त्वाचा सहसंशोधक वॉलेस यालाही पक्षिणीची आवडनिवड पटली नाहीं.

या निवडीचा एक सुरेख पुरावा महाराष्ट्रांतच मिळाला. १९३० सालीं सलीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून परतले. हाताशीं नोकरी नव्हती, म्हणून ते अलिबागेजवळ किहीम येथें राहावयास गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. तो पावसाळा त्यांनीं ती निरखण्यांत घालविला.

घरटें विणतो तो नर. तें निम्में होऊन शिरस्त्राणासारखा आकार आला, कीं तो काम थांबवितो आणि त्याला लोंबकळून, पंख फडफडवीत माद्यांना साद घालतो. मादी येते, आंत शिरून नीट पाहणी करते. पसंत पडलें तर ती तेथेंच ठाण मांडते. मग नर अंड्यांची कोठी व खालची लांब नळी पुरी करतो. नापसंत घरटें अर्धवटच लोंबत राहतें. एक संसार मार्गीं लागला, कीं हा गृहस्थ दुसरें घरटें विणूं लागतो, दुसरीसाठीं! अंडीं उबविण्याचें काम अर्थातच मादीकडे. हें सारें १९३१ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

मराठीनें या पांखराला सुगरण म्हणून विणकामाचें श्रेय मादीला दिलें. तिचें खरें कसब पारखण्याचें. पुढील अभ्यासांत असेंही दिसलें, कीं विणीपेक्षां ती जागा अधिक पाहते: घरटें किती उंच, झाड कोणतें.

वऱ्हाडांतही असें स्वयंवर भरतें. अकोला-वाशीमकडील गवताळ माळांवर पावसाळ्यांत तणमोराचा नर गवताच्या वर उसळ्या घेतो, एकदां नव्हे, दिवसभरांत शेंकडों वेळां. मादी गवतांत दडलेली असते. पुढें पिलें वाढवितेही तीच. पण असे माळ नांगराखालीं गेले. निवडावयाचें तर चार नर तरी समोर हवेत. २०२१ सालीं तणमोराची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली.